दारावरचं जाड अक्षर

मी जरा जास्तच करते हे मलाही कळतं, पण दात येताहेत म्हणून आमच्या ओवीचा दुपारी जेमतेम डोळा लागतो, आणि दारावरची बेल वाजली की संपलं. ‘बाळ झोपलंय, बेल वाजवू नका’ असा कागद मी नाजूक अक्षरात लिहून दाराला चिकटवला. कुणी ढुंकून बघेना.

शेवटी मंचरच्या बाजारात फ्लेक्सवाल्याकडे गेले. म्हटलं, "भाऊ, दारावर लावायची पट्टी अरुंद आहे, पण लांबून दिसलं पाहिजे."

त्यांनी एकमेकांना खेटून उभी राहिलेली काळी, जाड अक्षरं काढली. प्रत्येक रेघेच्या शेवटी ठसठशीत टोक.

"ताई, हे अक्षर कमी जागेत लई ओरडतं."

मला तेच हवं होतं.

पाटी लावली, ओवी झोपली, आणि बेल वाजली. वाजतच राहिली. दारात समोरच्या शेवंताकाकू, धापा टाकत.

"काय झालं गं? बँकेची जप्ती आली का?"

"काकू, पाटी वाचली नाही का?" आत ओवीनं भोकाड पसरलं होतं.

"वाचायची कशाला? एवढ्या जाड अक्षरात चांगलं कधी कोण लिवतं व्हय? दिसली तशी पळत आले."