आधी कांडी बघा

मंडळी, ऐका! घरात लेकरू अधू जन्मलं की पहिलं बोट कुणाकडे जातं? — बोला की! आता का माना खाली? सुनेकडे! मग ऐका कमलची गोष्ट. मृदंगबुवा, जरा हात आवरा.

कमलची पोरगी तीन वर्षांची झाली, पण ना उभी राहते, ना बोलते. सासू म्हणायची, "हिच्या माहेरचं रक्तच किडकं! तपासणीचा कागद येऊ दे, धाडतेच हिला!" बॅगसुद्धा भरून दाराशी ठेवली हो!

पोरीचं रक्त गेलं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, रेवती भांडगेकडे. ही येवल्याच्या विणकराची लेक. ओळखीची सगळी जनुकं तपासली — काही सापडेना! साहेब म्हणाले, "फाईल बंद करा."

"नाही करणार!" रेवती म्हणाली.

का? तिची आई जन्मभर रेशमाच्या कांड्या भरायची, म्हणजे विणायचा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. मागावर धागा तुटला की बाप रेशमाला शिव्या घालायचा. आई म्हणायची, "अहो, आधी कांडीवरून बोट फिरवा. तिलाच चीर असली तर रेशीम काय करील बिचारं!"

आता तुमच्या अंगातली कांडी ऐका. एकेका पेशीत चार हात लांब डीएनएचा धागा! आणि पेशी केवढी? — नुसत्या डोळ्याला दिसत नाही एवढी! मावतो कसा? हिस्टोन नावाच्या कांड्यांवर गुंडाळून, एकेकीवर पावणेदोन वेढे. घट्ट तिथे धागा मुका, सैल तिथे बोलका. आणि कांडी घडवायची कशी, तेही धाग्यावरच लिहिलेलं! त्या देवाची करणी बघा!

"साहेब, कांडी घडवणारं जनुक बघितलं का आपण?" रेवती महिनाभर त्या जनुकामागे हात धुऊन लागली. — सापडलं! एक अक्षर, एकच, बदललेलं! मग तिने आईबापांचं रक्त मागवलं. दोघांच्या कांड्या धड!

कागद घ्यायला सासू-सून आल्या. सासू म्हणाली, "हिच्याकडूनच आलं ना?"

"नाही आजी. हिच्याकडून नाही, तुमच्या मुलाकडूनही नाही. पोर घडताना नव्यानेच झालेली चूक आहे. कुणाचाच दोष नाही."

कमल तिथेच ढसाढसा रडली. तीन वर्षांचं रडू हो ते!

पोर बरी झाली का? नाही! खोटं नाही सांगणार. पण घरी आल्यावर सासूने आपल्या हाताने ती बॅग रिकामी केली, साड्या कपाटात ठेवल्या, आणि म्हणाली, "पोरीला दे माझ्याकडे. तू आधी जेवून घे."

मंडळी, त्या माउलीला एक कागद पुरला. तुम्हाला किती लागणार? आज घरी गेलात की दाराशी बघा — कुणाची बॅग भरून ठेवलीय? आधी ती रिकामी करा, मग देवापुढे हात जोडा!