पाण्यात न दिसलेली पावडर

मंडळी, वसुधा मॅडमच्या शोकसभेत बोलायचं, आणि त्यांच्या घरची माणसं समोर बसलीत. म्हणून जे मला नीट सांगता येतं, तिथूनच सुरू करतो. मॅडमच्या प्रयोगशाळेतलं बाटल्या हलवायचं यंत्र मी केलं, या हातांनी. गरम पाण्याची टाकी मी केली. तिचं तापमान अर्धा अंशसुद्धा हलत नाही. नळ्यांचे स्टँड, हवा ओढणारा पंप, सगळं केडगावच्या माझ्या शेडमध्ये झालं. मघाशी एक सर म्हणाले, यंत्राला मिक्सरची मोटर आहे. नाही सर. टेम्पोच्या वायपरची आहे. मला कुणी शिकवलं नाही, उघडून बघत शिकलो.

मॅडमना काय करायचं होतं? मेंढ्यांना पाजतात ते जंताचं औषध घ्या. जुनं, स्वस्त. जंताच्या पेशीतले बारीक धागे ते मोडतं. कॅन्सरच्या पेशीलाही वाढायला तसलेच धागे लागतात. पण हे औषध पाण्यात विरघळतच नाही, मग गाठीपर्यंत पुरेसं पोचणार कसं? म्हणून मॅडम त्याच्या रेणूला पाण्याशी जमवून घेणारी एक शेपटी जोडू बघत होत्या. एक जोडली, दुसरी जोडली, तिसरी जोडली. पावडर आपली तळाशीच.

हे कानावर गेलं आणि आमचे बिरूअण्णा, मेंढ्या राखणारे, बायकोच्या गाठीसाठी मेंढ्यांचीच बाटली घेऊन मॅडमकडं हजर.

"किती पाजू? मेंढीच्या मापानं का वासराच्या?"

मॅडमनी बाटली काढून घेतली. "एक थेंबही नाही, अण्णा. दवाखान्यातलं औषध चालू ठेवा. आमचं अजून काचेतच आहे."

"मंग काचंतून भाईर कवा येनार?"

"त्यासाठीच तर बसलेय."

"बसू नगा. उरका."

वहिनींनी दवाखाना सोडला नाही. त्या आज इथंच बसल्यात.

आणि गेल्या महिन्यात मला फोन. "मिस्त्री, असाल तसे या." गेलो. भांड्यात पाणी, एकदम नितळ. म्हटलं, "मॅडम, पावडर टाकायची राहिली."

"टाकलीय."

"दिसत नाही."

"म्हणून तर बोलावलं."

मंडळी, मी ते भांडं उजेडात धरलं. फिरवलं. तळ पाहिला. काही नाही. या खेपेची शेपटी जमली होती. पुढं तपासणीत काचेतल्या कॅन्सरच्या पेशींची वाढही थांबली. मॅडम म्हणाल्या, "हुरळू नका. आता उंदीर, मग कुठं माणूस. वर्षं जातील." म्हणाल्या खऱ्या, पण बोटांनी टेबलावर ठेका धरला होता.

मागच्या सोमवारी मॅडमचं हृदय थांबलं. काम थांबायचं का? त्यांची विद्यार्थिनी सुजाता काल मला म्हणाली, "काका, टाकी बिघडली की नमुने जातात. तुम्ही असाल ना?" तिला म्हटलं, उद्या सभेत सांगतो. आता सांगतो, आणि मग आपण सगळे मॅडमसाठी उभं राहून शांत होऊ.

सुजाता, पुण्याच्या एका कंपनीनं मला कायमची नोकरी देऊ केली होती, महिना साठ हजार. आज सकाळी मी त्यांना नाही म्हणून कळवलं.