पाव्हण्याची अनुक्रमणिका

...आणि वर मलाच म्हणतात, ‘एकच तर पान हाय, पाव्हणं!’ एकच पान! अहो, लग्नपत्रिकासुद्धा एकच पान असते, पण तिच्यात एका मामाचं नाव राहिलं तर काय होतं ते विचारा एखाद्या नवरदेवाला! तुम्हाला सांगतो, माणसानं जावई व्हावं, पण कॉम्प्युटर येणारा जावई होऊ नये. मी कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात बसतो, दिवसभर बिलं टाइप करतो, तेवढंच माझं ज्ञान. पण साताऱ्याकडं सासुरवाडीत माझी कीर्ती अशी, की रॉकेट माझ्याच लॅपटॉपवरून सुटतं!

तर आमचे सासरे, आप्पासो. रिटायर सुभेदार. मिशी अशी की समोरचा आपोआप सावधान! त्यांच्या घराण्यात घरटी एक माणूस फौजेत, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या हकिकतींचं पुस्तक लिहिलं, स्वतः, एका बोटानं टाइप करून, दोन हिवाळे! आणि मला म्हणाले, ‘पुस्तक तयार हाय. फकस्त म्होरली अनुक्रमणिका सरळ करून द्या. एकच तर पान हाय, पाव्हणं!’

उघडली फाइल. बघतो तर काय... नाव, मग टिंब टिंब टिंब टिंब, सगळी हातानं दाबलेली, आणि शेवटी पानाचा आकडा. एका ओळीचा आकडा सांगलीत तर दुसरीचा मिरजेत! एक टिंब जास्त झालं की आकडा उडी मारून खालच्या ओळीत. म्हटलं, ‘मामा, टिंबं हातानं द्यायची नसतात. प्रत्येक नावाला हेडिंग लावायचं, मग एक बटण दाबलं की मशीन स्वतः नावं गोळा करतं, पानं मोजतं, टिंबंसुद्धा तेच टाकतं.’ सासऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं... ‘मंग मी दोन हिवाळं टिंबं कशापायी दाबली ओ?’ काय सांगणार? टिंबं पुसायला घेतली. जावई माणूस! आणि हेडिंग शिकवलं हीच चूक झाली बघा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला आवडलेल्या प्रत्येक वाक्याला हेडिंग लावलं. अनुक्रमणिकेत नावांच्या मधे, ‘साहेब, बूट भिजल्यात, पन मन कोरडं हाय’, पान बावीस! ती वाक्यं काढताना राजनंदिनी, म्हणजे आमची बायको, हसून लोळायची बाकी होती. तिचं काय जातंय? बापाची समजूत मीच घालायची ना!

बरं, एवढ्यावर भागतंय का? त्या घराण्यात पात्या, म्हणजे शाखा, दोन. थोरली पाती सासऱ्यांची, धाकटी त्यांच्या चुलतभावाची, भाऊसोंची. आणि यात्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून जे बिनसलंय, ते माझ्या लग्नाच्याही आधीपासून दोन्ही पात्या एका पंगतीला बसलेल्या नाहीत! माझ्या लग्नात जेवणाचे मांडव दोन होते... कुणाला सांगू नका, मी दोन्हीकडं जेवलो. आता सासऱ्यांच्या मनात एकच, की पुस्तकाच्या कार्यक्रमाला धाकटी पाती यावी आणि सगळ्यांनी एका ओळीत बसून जेवावं. भाऊसोंबद्दल मला हळूच म्हणाले, ‘पाव्हणं, बर्फात एका तंबूत झोपलोय आमी दोघं. अन् आता त्येच्या दारावरनं जायाचं तर मान खाली घालतोय.’ मिशी थरथरत होती हो! म्हटलं, मामा, लागंल ते करू.

आणि केलं काय? थोरल्या पातीला हेडिंग एक, धाकट्या पातीला हेडिंग दोन! मला वाटलं, थोरली, धाकटी, बरोबरच आहे की. मशीननं धाकट्यांची नावं जराशी आत सरकवली. सुबक दिसत होतं! पान भाऊसोंच्या मोबाइलवर पाठवलं मात्र... लगेच फोन. ‘पाव्हणं, आमची नावं आत का ढकलली?’ ‘भाऊसो, ती मशीनची पद्धत...’ ‘मशीनला आमच्या घरातलं कसं कळलं? कुनी सांगितलं?’ ‘नाही ओ, तुम्हाला हेडिंग दोन...’ ‘दोन नंबर!’ आणि तिकडं पोराला हाक, ‘आरं शिवतेज, ऐकलंस का, आपुन दोन नंबरचं!’ फोन बंद!

झालं, सगळ्यांना हेडिंग एक. मग थोरल्या पातीतून फोन, ‘मंग आमच्यात न् त्यांच्यात फरक काय ऱ्हायला?’ अहो, फरक राहू नये म्हणूनच तर मरतोय ना मी! शेवटी सासऱ्यांनीच फौजी तोडगा काढला, क्रम भरतीच्या तारखेनं. तारखेपुढं कोण बोलणार? फक्त भाऊसो पुटपुटले, ‘त्यांचा पैला मानूस पान पाचावर, आमचा पैला एकोणिसावर... बरं हाय. बघतोय मी.’

सासरे इतके खूश, की अनुक्रमणिकेच्या खाली त्यांनी स्वतः एक ओळ घातली. ‘जावई वीरधवल यांचे आभार’, टिंब टिंब टिंब, चौसष्ट. हातानं! राजनंदिनी म्हणाली, ‘अहो, ती मशीनची नाही, काढा ती.’ पण मला इतकं बरं वाटलं होतं... म्हटलं, राहू दे गं.

आणि मग सासऱ्यांच्या डोक्यात आलं, मानाचं पान आहे, तेवढंच गुळगुळीत कागदावर छापायचं! छापखान्यानं ते पान उचलून वेगळ्या फाइलीत नेलं. आता मला सांगा, पुस्तक एकीकडं, अनुक्रमणिका दुसरीकडं, मशीननं पानं मोजायची कुणाची? हात वर केले त्यानं, आणि छापण्याआधी बघितलं कुणीच नाही!

कार्यक्रमाचा दिवस. भाऊसो आले! पण मांडवाच्या कडेला, चपला पायातच. पुस्तकं वाटली. हकिकत उघडतोय कोण? सगळ्यांची बोटं त्या गुळगुळीत पानावर. नाव, टिंबं, आणि आकड्याच्या जागी ठळक अक्षरात, ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड.’ म्हणजे, पान सापडत नाही! प्रत्येकाच्या पुढं! मला घाम, सासऱ्यांचं तोंड पांढरंफटक. भाऊसोंनी चष्मा लावला, आपली ओळ वाचली, सासऱ्यांची वाचली... ‘आप्पा, तुज्या म्होरंबी ह्येच हाय की रं!’

‘व्हय रं.’

‘पाच न्हाई, एकोणीस न्हाई. चूक हाय... पन सारखी हाय!’ आणि हसले हो! सासरेही हसले. भाऊसोंनी चपला काढल्या आणि सासऱ्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. मी तोंड फिरवून डोळे पुसले, खोटं कशाला सांगू!

पंगत बसली, मी पहिला घास उचलला, एवढ्यात भाऊसोंचं बोट पानाच्या तळाशी. ‘आप्पा, ही शेवटची वळ बघितलीस का? पाव्हण्यांचं तेवढं पान बराब्बर. चौसष्ट!’ सगळ्या माना माझ्याकडं. ‘म्हंजे येत हुतं की ह्यास्नी!’ ‘सवताचं तेवढं नीट केलं!’ अहो, सासरेसुद्धा माझ्याकडं बघायला लागले, ज्यांनी ती ओळ स्वतःच्या बोटानं दाबली होती! म्हटलं, ‘मामा, ती टिंबं तुमचीच...’ कोण ऐकतंय? तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पात्या एका सुरात बोलल्या. पेन दिला हातात, पुस्तकांचा ढीग ठेवला पुढ्यात, आणि म्हणाल्या, ‘खोडा तो आकडा सगळ्या पुस्तकांतनं. एकच तर पान हाय, पाव्हणं!’