कुसुमची ओळ

मी मूळचा लिंबागणेशचा, आता घाटनांदूरला फ्लेक्स छापायचं दुकान हाय. मराठीत एमए केलं, मास्तरकी मिळाली न्हाई, मग कॉम्प्युटर शिकलो. काय सांगू तुमाला, वाढदिवस असो, निवडणूक असो, मयत असो, सगळ्यांचे शब्द ठरलेले. मी नुसतं नाव आन् फोटो मागायचो. कुणाला म्हणलं, वडलांबद्दल जरा येगळं लिहू का, तर म्हणायचे, कामून रं, आमचं मढं काय जगायेगळं हाय का?

मग आमची कुसुम गेली. बायको माझी. ताप डोक्यात गेला, अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचेस्तोवर संपलं. तेराव्याचा फ्लेक्स मलाच करायचा होता. सगळ्यांना लावलेले शब्द तिला लावायचं जिवावर आलं. सासरे म्हणले, जावईबापू, चार लोकांचं असतंय तसंच टाका, नसता लोक म्हणतील ह्यायला दुःखच न्हाई. मी ऐकलं न्हाई. लई खोडलं, शेवटी एवढंच उरलं, कुसुम, कुणी उशिरा येईल म्हणून तू दार नुसतं लोटून ठेवायचीस, आता कडी लागती.

बाया फ्लेक्सपुढं थांबून रडल्या. सासऱ्यांना वाचलं का इचारलं, तर म्हणले, चष्मा घरी राह्यला.

पुढं एक म्हातारबा दुकानात आले, म्हणले, तुमच्या बायकोचं लिवलं तेच आमच्या म्हातारीला टाका. मी म्हणलं, बाबा, ते तिचं हाय, तुमाला दुसरं लिहून देतो. ते म्हणले, आमची बी लोटूनच ठेवायची की, दार काय तुझ्याच बायकोला व्हतं का? नाव बदलून दिलं. मग दुसरे आले, तिसरे आले, दुसऱ्या दुकानांतनं बी तेच छापून निघायला लागलं. एकदा बाजारात दुसऱ्याच्या फ्लेक्सवर ती ओळ वाचली आन् डोळ्यापुढं कुसुम आलीच न्हाई, फोटोतली परकी बाई आली. तवापासून ती ओळ माझी राह्यली न्हाई.

परवा एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आली. तीच ओळ दाखवली तर म्हणली, भाऊ, हे घासून गुळगुळीत झालंय, तुमचं सोताचं काही न्हाई का? हसावं का रडावं. म्हणलं, बसा ताई, मालक कसे होते ते सांगा. ती बोलत गेली, मी लिहीत गेलो, चांगलं उतरलं. म्हणलं, ताई, हे बी लोक उचलतील. ती म्हणली, उचलू द्या, आदी माझं तर होऊ द्या.

मला तिच्यासारखं उचलू द्या म्हणायला जमलं न्हाई. कुसुमसाठी अजून दुसरी ओळ शोधतो, सापडत न्हाई. तुमच्यावर असे शब्द शोधायची पाळी न येवो, एवढंच म्हणतो.