आत्ता वाचणारे: एक

आई: थांब, अजून बंद करू नकोस. चहाची वेळ होऊ दे.

लेक: आई, अध्यक्षांचे सकाळपासून फोनवर फोन येतायत मला. दुरुस्ती मंडळाचा ब्लॉग आज बंद, उद्यापासून सगळं फोनवरच्या ग्रुपवर. सभेत ठरलंय, आणि चिटणीस म्हणून तूच सही केलीयस.

आई: सही केली, मन नव्हतं त्यात. त्या ग्रुपात अख्खी गल्ली आहे, तुझा दादा आहे का? त्याला हा ब्लॉग ठाऊक. घर सोडायच्या आधी त्यानंच तर बनवून दिला मंडळाला. पत्ता पाठ असणार त्याला.

लेक: पाठ असेल. म्हणून वाचतोच असं नाही.

आई: वाचतो. ये इकडे, ही आकडेवारी बघ. आपलं उघडणं धरत नाही ते. मंडळातले तोंडावर म्हणतात, छान लिहिता हो, आणि ढुंकून बघत नाहीत. पण दर रविवारी चहाच्या सुमारास एक माणूस येतो. बाजूला त्याचं गाव दिसतं. राजधानी. जाताना काय म्हणाला होता तो? राजधानीला जातो, तिथं मला बाबांसारखं मोटारींच्या वाइंडिंगला जुंपणारं कुणी नाही.

लेक: म्हणून तू मिक्सरच्या बातमीत गुडघा घातलास. अध्यक्ष त्याच्यावरच तापलेत. 'या शनिवारी मंडळात दोन मिक्सर आणि एक पंखा दुरुस्त झाला. चिटणीसबाईंचा गुडघा मात्र अजून जिना चढू देत नाही.' हे काय आहे, आई?

आई: मग कुठं लिहू? फोन नंबर बदलला त्यानं. आणि तुझ्या बाबांपुढे विषय काढायची सोय नाही. तो आपल्याला मेला म्हणाले, तेव्हापासून या घरात अळीमिळी गुपचिळी.

लेक: बस ना जरा. सारखी उठतेस काय, बसतेस काय.

आई: बसवत नाही गं. आला. बघ, आत्ता वाचणारे, एक. आला माझा बाळ. हळू बोल.

लेक: त्याला आपलं बोलणं ऐकू जातंय का?

आई: तेही खरंच. सरक, खाली एक ओळ वाढवते. 'हा ब्लॉग बंद होतोय. वाचत असशील तर दोन शब्द लिही.' बरोबर आहे ना?

लेक: दे इकडे, मी टाइप करते.

आई: नको, मीच करते. तू तेवढा बाबांना चहा नेऊन दे, नाहीतर शोधत इकडे येतील. गॅलरीत असतील.

(गॅलरीत.)

लेक: बाबा, चहा. काय वाचताय?

वडील: बातम्या.

लेक: बातम्यांत गुडघा कुणाचा आलाय?

वडील: हळू बोल.

लेक: बाबा, तुम्ही? दर रविवारी तुम्हीच असता?

वडील: ठेव तो चहा तिथं.

लेक: घरचं वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर वाचताय. तुमच्या मोबाइल कंपनीचं सगळं राजधानीतून चालतं, म्हणून तिथं तेच गाव दिसत असणार. ती आत त्या आकड्यावर डोळे लावून बसलीय. तिला वाटतंय दादा वाचतोय.

वडील: वाचणाऱ्याचं गाव दिसतं, हे मला काय माहीत?

लेक: एका घरात राहता दोघं. तिचं लिहिलेलं लपून का वाचायचं?

वडील: समोर बसून काय बोलते ती? भाजीत मीठ बरोबर आहे का. मनातलं सगळं तिथं लिहिते. गुडघा दुखतो ते मला मागंच तिथं कळलं, म्हणून आमचं झोपणं खालच्या खोलीत आणलं. तिला वाटलं मलाच जिन्याचा कंटाळा आला.

लेक: ते दादासाठी लिहिलेलं असतं.

वडील: न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं वाटतं. लाज वाटते. पण सोडवत नाही.

लेक: आता खाली नवी ओळ आली असेल.

वडील: आली. दोन शब्द लिही म्हणतेय.

लेक: दादा बनून एक अक्षरही लिहायचं नाही.

वडील: इतका हलकट नाही मी.

लेक: मग फोन बंद करा. तो गेला असं समजेल ती. मी ब्लॉग काढून टाकते, विषय मिटेल.

वडील: कसा मिटेल? आपण विचारलं आणि पोरगा न बोलता उठून गेला, हे ती जन्मभर धरून बसेल. चल आत.

लेक: बाबा, नको. कोसळेल ती.

वडील: चल म्हणतो ना.

(आत.)

आई: अगं, उत्तर नाही आलं अजून. पण आहे तो, हलला नाहीये. लिहीत असेल. अहो, तुम्ही कशाला उठून आलात? मंडळाचं काम चाललंय, दुसरं काही नाही.

वडील: तो एक जण मी आहे. हा बघ फोन. बंद करतो. आता तिथं बघ.

लेक: आई, शून्य झाला.

आई: दिसतंय मला. सगळे रविवार तुम्हीच?

वडील: दुसरं कुणी येत असेल तर नाही सांगता येत. मी एकही रविवार चुकवला नाही.

आई: आकडा एकाच्या वर कधी गेला नाही. म्हणजे तो एकदाही नाही.

वडील: माहीत नाही.

आई: मला वाटत होतं, चला, धड आहे, हातीपायी सुखरूप आहे, रविवारची सवड काढतोय. आठवडेच्या आठवडे मी त्या आकड्यावर ढकलले. आणि इथं गॅलरीत तुम्ही. बंद कर गं तो ब्लॉग. एकदाचा पुसून टाक.

वडील: पुसू नकोस.

लेक: बाबा, अध्यक्षांना काय सांगू?

वडील: त्यांच्याशी मी बोलतो. मंडळानं खुशाल ग्रुपवर जावं. हा पत्ता राहू दे. कधी वाटलं त्याला आणि उघडून बघितलं, तर तिथं काहीच नाही असं व्हायला नको. या आठवड्याचं मी लिहितो.

आई: तुम्ही? काय लिहिणार तुम्ही?

वडील: मला जमत नाही. तू सांग.

आई: आधी त्याचं नाव लिहा. इतकी वर्षं तुमच्या धाकानं मी ते कुठंच लिहिलेलं नाही.