बुजवलेली गॅलरी

तीन वाजून दहा मिनिटांनी, दादा — भर दुपारी, घड्याळ समोरच होतं म्हणून सांगते — तेव्हापासून हे सुरू झालंय. तुम्ही आत्ता फीत धरताना भिंतीवर टकटक केलीत ना, अगदी तस्संच. नाही नाही, घ्या ना मापं, मी कुठे अडवतेय? मीच तर यांच्या मागे लागून मालकाच्या कचेरीतून तुम्हाला मोजणीला बोलावून घेतलं. घर आमचं, जमीन मालकाची आणि भाडेपट्टा संपत आलेला — मोजणी होऊन मुदत वाढवून मिळाली नाही तर भिंतींसकट घर मालकाच्या घशात. कडेवर पोर घेऊन जायचं कुठे, सांगा? सासूबाई होत्या तोवर तुमच्यापैकी एकालाही त्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही. मोजणीवाला आला की दारातूनच वाटेला लावायच्या. "मी मेल्यावर या," म्हणायच्या, "तोवर काय घर पळून जातंय?" लोकांना वाटायचं म्हातारीचं डोकं फिरलंय, हातचं घर घालवतेय. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू — जरा पायाखाली बघा हं, आमच्या लेकीची, ठकीची खेळणी असतात, मागच्याच आठवड्यात हे चांगले आपटलेत.

इथेच असायची त्यांची खाट. या भिंतीला लावून. उकाड्याने जीव जायची वेळ आली तरी खिडकीकडे हलवू दिली नाही. मी नवी नवरी असताना एकदा झाडायला म्हणून सरकवली, तर अशा बोलल्या, अशा बोलल्या, की मी पुन्हा नाव काढलं नाही. मग त्या गेल्या, आणि यांनी नि शेजारच्या सुताराने मिळून खाट बाहेर काढली. खाटेचा शेवटचा पाय उंबऱ्यापलीकडे गेला, तेच ते तीन दहा, आणि भिंतीतून आवाज आला. टक. टक. मी म्हटलं उंदीर असेल. हे म्हणाले, जुनं घर आहे, कुरकुरायचंच. आता घर कुरकुरतं हे ठीक, पण घराला मोजता येतं का, दादा? आमची ठकी इकडून दोनदा वाजवते, तिकडून दोनदा वाजतं. ती तीनदा वाजवते — जाऊ दे.

काय सांगत होते? हां, गॅलरी. तुम्ही ठोकून बघितलंत म्हणजे पोकळ आवाज तुम्हाला कळलाच असणार, तुमच्यापासून काय लपतंय? इथे दार होतं. पलीकडे गॅलरी आहे, मागच्या बोळावर, तशीच उघडी. तिथे मान वर करून बघतंय कोण! सासूबाईंनी एका दिवसात दार विटांनी बुजवून घेतलं, वरून गिलावा, वरून रंग, आणि — असे काय बघताय? म्हणजे? तुम्हाला कळलंच नव्हतं? शेजाऱ्यांची भिंत समजलात?

अरे देवा. माझं हे तोंड! हे बजावून गेले होते, चहा ठेव आणि गप्प बस.

आता लिहिणारच तुम्ही. कचेरीतल्या जुन्या नकाशात होतं तसं घर करून द्या, मगच मुदत वाढेल, हाच ना कचेरीचा नियम? म्हणूनच म्हातारी कुणाला आत घेत नव्हती. घर गेलं तर जाऊ दे, भिंत फुटायला नको. यांची थोरली बहीण होती, दादा. ठकीएवढीच. कठडा गंजलेला, आज करू उद्या करू चाललेलं. पोर गॅलरीत खेळत होती आणि सासूबाईंनी आतून हाक मारली. नुसती हाक हो, "ये गं आत" — पण जरा जोरात. पोर दचकून मागे सरकली. पोरही गेली, कठडाही गेला. पुढे या घरात कुणी तिचं नाव घेतलं नाही, यांनाही धड माहीत नाही. शेवटच्या आजारात मला एकटीला सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून.

मग ठकीला कुणी सांगितलं? बिस्किट दिलं की अर्धं त्या भिंतीशी ठेवते. "ताईला." कोणती ताई गं? "तिकडची." रडते का ती? म्हणाली, "नाही. घाबरते."

लिहा, दादा. खोटं नका लिहू, तुमचंही पोट आहे, आणि घर मला हवंच आहे. मी आपली ठकीला घेऊन माहेरी जाऊन राहीन तेवढे दिवस. फक्त भिंत फोडायला जो गवंडी येईल त्याला माझा निरोप द्या. आल्या आल्या पहार घालू नकोस म्हणावं. हाकाही मारू नकोस. आधी बोटाने हळूच वाजव, आणि ती उलट वाजवेपर्यंत थांब. तशी शहाणी आहे, इकडे येईल. पण एकदम घाव घातलास तर दचकून मागे सरकेल ती. आणि मागे कठडा नाहीये, म्हणावं.