मधल्या धारेचा गाळ

१९६१च्या पावसाळ्यात बेंगळूरच्या बसस्टँडवर, होस्पेटच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती.

“अहल्या, तुझी नोकरी प्रयोगशाळेतली. तुंगभद्रेचं पाणी बाटल्यांतून इथं येतंच की. ते तपास.”

“अण्णा, पूर आला की लोक भिऊन काठाशीच बाटल्या भरतात. खरा गाळ मधल्या धारेत असतो.”

“मग पूर ओसरल्यावर जा.”

“तेव्हा पाणी निवळलेलं असतं. वर्षाचा बहुतेक गाळ पुरातच येतो. तोच मोजला नाही, तर धरण गाळानं किती वर्षांत भरेल, हे कसं सांगायचं?”

“तुला पोहता येत नाही.”

“नावाड्याला येतं. मधोमध न्यायला तो कबूल झालाय.”

“काही झालं तर तुझ्या आईला मी काय सांगू?”

“मी तुमचं ऐकलं नाही, असं सांगा.”

“स्वल्प थांब गं. पुढच्या वर्षी जा.”

“नाही अण्णा. मी जाणार.”

गाडी लागली. ती आत चढली. त्यांनी खालून तिची पिशवी वर दिली.

“खिडकीशी बस. गाडीत तुला मळमळतं.”